धातू, तंतू आणि ताण : प्रस्तावना

फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ येथे एअरबस कंपनीने आपल्या नव्या ए३८० विमानाचा पंख मुद्दाम वाकवून मोडला. विमानाच्या आयुष्यात येऊ शकेल असा जो सर्वांत मोठा भार धरलेला असतो, त्याच्या दीडपट भार सांगाड्याने निदान तीन सेकंद पेलावा, असा नियम आहे. हा पंख मोडला सुमारे १.४५ पटीला. दीडपटीला अगदी थोडे कमी पडले. कंपनीला पंखाचा तेवढा भाग बळकट करावा लागला, हिशेब नव्याने मांडावे लागले आणि मगच विमानाला प्रमाणपत्र मिळाले. त्याआधी, जानेवारी १९९५ मध्ये, बोईंग ७७७ चा पंख अशाच चाचणीत १.५४ पटीला मोडला होता. एवढ्या अजस्र वस्तूबद्दल कागदावरचे गणित आणि प्रत्यक्ष मोडणे यांत तीन टक्क्यांच्या आसपासचाच फरक निघावा, ही गोष्ट मला आजही थक्क करते. विमानाच्या सांगाड्याविषयी जे जे सांगायचे आहे, त्याची सुरुवात या दीडपटीपासूनच करावी लागते.

लिफ्टच्या दोरांची ताकद रोजच्या भाराच्या दहापटीच्या आसपास ठेवतात. क्रेन, पूल, धरणाचे दरवाजे यांनाही भरपूर सवलत असते. इमारतीला उडायचे नसते, त्यामुळे शंका आली की चार सळ्या जास्त घालता येतात. विमानात शंकेवर हा उपाय चालत नाही. जास्तीचा प्रत्येक किलो पुढची वीस-पंचवीस वर्षे हवेत उचलून न्यावा लागतो आणि तेवढे इंधन किंवा तेवढे प्रवासी कमी होतात. म्हणून विमानाचा अभियंता धातू घालण्याऐवजी माहिती घालतो. भार नेमका किती, तो कुठून कुठे जातो, पदार्थ कसा थकतो, भेग कुठे पडेल आणि किती वेगाने वाढेल, हे जितके बारकाईने कळेल तितका सांगाडा हलका करता येतो. या माहितीत कुठे खोट राहिली, तर ती झाकून घेण्याइतका जास्तीचा धातू तिथे नसतो. या पुस्तकातली सगळी प्रकरणे या एका गोष्टीभोवती लिहिली आहेत.

आधी भार पाहू. विमान जमिनीवर उभे असते तेव्हा पंख स्वतःच्या आणि पोटातल्या इंधनाच्या वजनाने खाली झुकलेला असतो. उड्डाण झाले की सगळे उलटते. हवा पंखाला वर उचलते, धड खाली ओढते, आणि पंख वर वाकतो. त्याच्या खालच्या पत्र्यावर ओढ येते, वरचा पत्रा दाबला जातो. प्रत्येक उड्डाणात ही उलटापालट एकदा होतेच. वाटेतले झोत, वळणे, उतरताना चाकांचा दणका हे वेगळे. ओढ सोसणाऱ्या पत्र्यात भेगा वाढतात, तर दाब सोसणारा पत्रा चेपून सुरकुततो. दोघांची दुखणी निराळी म्हणून औषधेही निराळी. पारंपरिक विमानांत पंखाच्या खालच्या अंगाला तांबे मिसळलेला २०२४ जातीचा अॅल्युमिनियम वापरत, कारण त्यात भेग हळू वाढते. वरच्या अंगाला जस्त मिसळलेला ७०७५ किंवा त्याचे भाईबंद वापरत. तो ताकदीने वरचढ, पण भेगेपुढे नाजूक. एकाच पंखात तळाला एक धातू आणि माथ्याला दुसरा, हे प्रवाशाला कधीच दिसत नाही.

धडाची गोष्ट वेगळी. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा इतकी विरळ असते की आत श्वास घेण्याजोगा दाब राखण्यासाठी धड फुगवावे लागते. आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दर चौरस मीटरला सुमारे पावणेसहा टन इतका होतो. नळकांड्याच्या आकारामुळे परिघाच्या दिशेने येणारा ताण लांबीच्या दिशेने येणाऱ्या ताणाच्या दुप्पट असतो. म्हणून धडाच्या लांबीने जाणारे रिव्हेटचे जोड सर्वांत जास्त राबतात. हे वाक्य ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा लागणार आहे.

आता पदार्थ. विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की सर्वांत मजबूत धातू कोणता. याच्या उत्तराआधी एक छोटा भागाकार करून पाहावा. पदार्थ ताणाखाली किती कमी लांबतो, म्हणजे त्याचा ताठपणा, याला त्याच्या घनतेने भागायचे. पोलादाचा ताठपणा २१० गिगापास्कल आणि घनता ७.८. अॅल्युमिनियमचे आकडे ७० आणि २.७. टायटॅनियमचे सुमारे ११० आणि ४.५. तिन्ही भागाकार चोवीस ते सत्तावीसच्या दरम्यान येतात. आणि राइट बंधूंनी १९०३ च्या विमानाला वापरलेल्या स्प्रूस लाकडाचा भागाकारही जवळपास तिथेच येतो! निसर्गाने हे चार इतके वेगळे पदार्थ वजनाच्या मानाने सारखेच ताठ घडवले आहेत. लाकूड सोडून धातूकडे जाण्यात ताठपणाचा नफा नव्हता, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो.

नफा दुसरीकडे होता. अॅल्युमिनियम हलका असल्याने त्याच वजनात पत्रा जाड मिळतो आणि जाड पत्रा सहजी सुरकुतत नाही. तो एका ताटासारखा दुसरा निघतो, तर झाडाचे तसे नसते. लाकूड ओल धरते, आणि लाकडाचे जोड सरसावर अवलंबून असतात. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश मॉस्किटो हे बाल्सा आणि बर्च प्लायवुडचे विमान वेगाने आणि देखणेपणाने नावाजलेले होते. पण १९४४ च्या अखेरीस भारतात तैनात असलेली मॉस्किटो विमाने पंखांच्या चिकटवलेल्या जोडांतल्या दोषांमुळे जमिनीवर ठेवावी लागली. दोष इकडच्या दमट हवेचा की कारखान्यातल्या निष्काळजी चिकटकामाचा, यावर बरीच भवति न भवति झाली. मॉस्किटोचा विषय मी पहिल्याच प्रकरणात सविस्तर घेतला आहे, कारण बाहेर दोन कडक थर आणि मध्ये हलका गाभा ही त्याची रचना आजच्या कॉम्पोझिट पॅनेलची थेट पूर्वज आहे.

धातूयुगाची किल्ली १९०६ मध्ये सापडली. बर्लिनजवळच्या एका संशोधन केंद्रात आल्फ्रेड विल्म हा धातुशास्त्रज्ञ तांबे आणि मॅग्नेशियम मिसळलेला अॅल्युमिनियम तापवून पाण्यात बुडवत होता. पोलाद असे बुडवले की कडक होते. हा मिश्रधातू लगेच कडक झाला नाही. पण काही दिवसांनी पुन्हा मोजले तेव्हा तो आपोआप कडक झालेला आढळला. असे का होते, हे त्या वेळी कोणालाच सांगता येईना. १९३८ मध्ये गिनिए आणि प्रेस्टन या दोघांनी स्वतंत्रपणे क्ष-किरणांनी दाखवून दिले की तांब्याचे अणू धातूच्या जाळीत हळूहळू एकत्र येऊन अतिसूक्ष्म पुंजके बनवतात आणि ते पुंजके जाळीतल्या सरकण्याला अडवतात. विल्मच्या धातूचे नाव ड्युराल्युमिन. पहिल्या महायुद्धातल्या झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे त्याचे होते, आणि १९१९ च्या युंकर्स एफ १३ या प्रवासी विमानाची पन्हाळीदार कातडीही त्याचीच. गंमत अशी की राइट बंधूंच्या इंजिनाचे कवच तांबे मिसळलेल्या अॅल्युमिनियमचे ओतीव काम होते, आणि अलीकडे त्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला तेव्हा त्यातही हेच पुंजके आढळले. विल्मच्या शोधाच्या तीन वर्षे आधी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, ही क्रिया पहिल्या विमानाबरोबर उडाली होती.

आपोआप कडक होण्याच्या या गुणामुळे कारखान्यात एक विलक्षण शिस्त येते. २०२४ चे रिव्हेट पाण्यात बुडवल्यानंतर थोडा वेळच मऊ असतात; नंतर ठोकायला गेले तर तडकतात. म्हणून ते शीतपेटीत ठेवतात आणि बाहेर काढल्यावर ठरलेल्या मिनिटांत ठोकून संपवतात. अर्ध्या शतकाने कार्बन तंतूंचे रेझिन लावलेले कापड आले, तेव्हा तेही उणे अठरा अंशांच्या आसपास साठवावे लागले, कारण खोलीच्या उष्णतेत रेझिन हळूहळू पिकत जाते. दोन्हींच्या नोंदवहीत बाहेर काढल्याची वेळ लिहावी लागते. ती वेळ चुकीची लिहिली तर पुढच्या कोणत्याही तपासणीत ते सहज दिसत नाही. रिव्हेट दिसायला तसाच असतो, पॅनेलही तसेच असते.

इथून पुढे ताणाचा विषय खऱ्या अर्थाने सुरू होतो. कापडाच्या दुकानात दुकानदार मीटरभर कापड फाडायच्या आधी कडेला कात्रीने एक छोटी चीर देतो आणि मग दोन्ही हातांनी ओढतो. चिरेशिवाय तेच कापड कितीही ताणले तरी फाटत नाही. धातूच्या पत्र्यातही हेच घडते. गोल भोकाच्या कडेला ताण आजूबाजूच्या तिप्पट होतो. भोक जितके चपटे आणि टोकदार, तितका तो वाढत जातो. हे गणित १९१३ मध्ये केंब्रिजच्या इंग्लिस यांनी मांडले. त्यानंतर फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेतल्या ग्रिफिथ या तरुणाने त्याच्याही पुढचा प्रश्न विचारला. गणिताप्रमाणे तर अतिशय अणकुचीदार भेगेच्या टोकाशी ताण अमर्याद व्हायला हवा. मग भेग असलेली प्रत्येक वस्तू ताबडतोब का तुटत नाही? त्याने काच घेतली. भेग वाढताना ताणातून सुटणारी ऊर्जा आणि नवा पृष्ठभाग उघडायला लागणारी ऊर्जा यांचा जमाखर्च मांडला. एका ठरावीक लांबीपर्यंत भेग गप्प राहते, ती लांबी ओलांडली की तिला रोखता येत नाही, हे १९२० च्या त्या निबंधातून बाहेर आले. त्याच प्रयोगांत ग्रिफिथने काचेचे तंतू ओढले. तंतू जितका बारीक, तितका तो बळकट निघाला. सर्वांत बारीक तंतूची ताकद जाड कांडीच्या सुमारे वीसपट भरली, कारण इतक्या बारीक तंतूत मोठी भेग मावतच नाही. धातू का फुटतो आणि तंतू का टिकतो, या दोन्हींची उत्तरे एकाच माणसाच्या एकाच निबंधात आहेत. तरीही विमाने बांधणाऱ्यांनी त्याचा पहिला अर्धा भाग गंभीरपणे घेतला तो तीस-पस्तीस वर्षांनी, आणि तोही माणसे गेल्यानंतर.

डी हॅविलंड कॉमेट हे जगातले पहिले जेट प्रवासी विमान. २ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गकडे त्याची नियमित सेवा सुरू झाली. बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याच्या दमदम विमानतळावरून दिल्लीकडे निघालेले कॉमेट काही मिनिटांतच वादळात तुटून पडले आणि ४३ माणसे गेली. दोष वादळावर गेला. १० जानेवारी १९५४ रोजी दुसरे कॉमेट एल्बा बेटाजवळ स्वच्छ हवेत फुटले, ३५ जण गेले. उड्डाणे थांबवली, काही दुरुस्त्या केल्या, पुन्हा सुरू केली. आणि ८ एप्रिलला तिसरे कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात गेले, २१ जण गेले. आता सगळी कॉमेट विमाने जमिनीवर आली.

फार्नबरोला सर अर्नोल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली जो तपास झाला, तो आजही प्रत्येक विद्यार्थ्याने मुळापासून समजून घ्यावा असा आहे. एक आख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत उतरवले, पंख बाहेर ठेवले. धडात पाणी भरून दाब वाढवायचा, उतरवायचा, पुन्हा वाढवायचा. त्याबरोबर पंखांना जॅकने वर-खाली हलवायचे. पाणी अशासाठी की ते दाबाने जवळजवळ आकसत नाही. हवा भरून धड फुटले असते तर बाँबसारखा स्फोट होऊन पहिली भेग कुठे पडली याचा मागमूस राहिला नसता. खरी उड्डाणे १,२२१ आणि टाकीतली १,८३६, अशी एकूण ३,०५७ झाली आणि धड फाटले. भेग एका खिडकीच्या कोपऱ्याशी सुरू झाली होती. इटलीच्या समुद्रातून काढलेल्या तुकड्यांतून कळले की एल्बाजवळच्या विमानात ती छपरावर, दिशाशोधक एरियलसाठी ठेवलेल्या कापाच्या कोपऱ्याशी सुरू झाली होती. कॉमेटच्या चौकोनी खिडक्यांची कथा सगळ्यांना ठाऊक असते; प्रत्यक्षात पहिला घाव छपरावर पडला, आणि खिडक्यांचे कोपरेही गोलावलेलेच होते. पुरेसे गोलावलेले नव्हते, आणि कडेच्या रिव्हेटच्या भोकांनी ताण आणखी वाढवला होता.

पण मला या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. डी हॅविलंडने चाचण्या केल्या होत्या, आणि त्या काळाच्या मानाने कडक केल्या होत्या. धडाचा एक भाग हजारो वेळा फुगवून पाहिला होता आणि तो टिकला होता. मात्र त्याच भागावर आधी कामकाजाच्या दुप्पट दाबाची चाचणी झाली होती. त्या दाबाने कोपऱ्यांतला धातू किंचित कायमचा ताणला गेला. दाब काढल्यावर आजूबाजूच्या पत्र्याने त्याला उलट दाबून धरले, आणि त्यामुळे तिथे भेग सुरूच होईना. म्हणजे एका चाचणीने दुसऱ्या चाचणीचा नमुना नकळत बळकट करून ठेवला. प्रवाशांना घेऊन उडणाऱ्या विमानांना ते बळ मिळालेले नव्हते. लबाडी कोणी केली नाही, आळस कोणी केला नाही. प्रयोगाने खोटी साक्ष दिली. थकव्याच्या प्रकरणात मी या एका मुद्द्याला सात-आठ पाने दिली आहेत आणि ती जास्त झाली असे मला वाटत नाही.

कॉमेटनंतर अशी रचना करायची ठरली की एक अवयव तुटला तरी शेजारचा भार घेईल. तेही पुरेसे ठरले नाही. १९६९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी एफ-१११ लढाऊ विमानाचा पंख जेमतेम शंभर तासांच्या सेवेनंतर गळून पडला, कारण पंखाच्या खिळीजवळच्या अतिकडक पोलादात घडणीपासूनच एक भेग होती आणि ती तपासणीतून निसटली होती. मे १९७७ मध्ये झांबियातल्या लुसाका येथे एका बोईंग ७०७ ची आडवी शेपटी तुटली. तिथे दुसरा अवयव होता, पण पहिला केव्हा तुटला ते कोणी पाहिलेच नव्हते. यातून आजची पद्धत आली. भेग आहेच असे धरून चालायचे, आणि तपासणीतून निसटू शकेल तेवढी मोठी ती पहिल्या दिवसापासून आहे असे मानायचे. मग ती घातक लांबी गाठेपर्यंत किती उड्डाणे होतील ते काढायचे, आणि त्या अवधीत निदान दोन-तीनदा तरी ती दिसेल अशा बेताने तपासण्या बसवायच्या. या हिशेबाचे मूळ सूत्र पॉल पॅरिस यांचे. १९६० च्या सुमारास त्यांचा तो निबंध तीन प्रतिष्ठित नियतकालिकांनी परत पाठवला, आणि अखेर १९६१ मध्ये एका विद्यापीठाच्या छोट्या नियतकालिकात तो छापून आला. आज जगातल्या प्रत्येक प्रवासी विमानाचे तपासणीचे वेळापत्रक त्या सूत्राच्या वंशजांवर उभे आहे.

या पद्धतीत तपासणारा माणूस हा सांगाड्याचाच एक अवयव होतो. धडाच्या लांबीने जाणारे जोड सर्वांत जास्त राबतात, असे वर म्हटले. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या बोईंग ७३७ चे साडेपाच मीटर छप्पर हवेत उडून गेले ते अशाच जोडावरून. त्या विमानाची सुमारे नव्वद हजार छोटी उड्डाणे झाली होती आणि सगळी खाऱ्या हवेत. जोडातली चिकट पट्टी सुटली, ओल शिरली, गंज धरला, सगळा भार रिव्हेटवर आला आणि एका रांगेतल्या अनेक भोकांशी एकाच वेळी बारीक भेगा पडल्या. एकेक भेग निरुपद्रवी होती. त्या एकमेकींना मिळाल्या तेव्हा छप्पर गेले. एक विमानसेविका गेली, बाकीच्यांना वैमानिकांनी सुखरूप उतरवले. गोव्यात दाबोळीला नौदलाची विमाने सांभाळणाऱ्यांना खाऱ्या हवेबद्दल वेगळे सांगायला नको.

जपानमधली १२ ऑगस्ट १९८५ ची दुर्घटना मात्र वाचवतदेखील नाही. जपान एअरलाइन्सच्या त्या ७४७ ची शेपटी १९७८ मध्ये धावपट्टीला घासली होती आणि मागच्या दाबरोधक भिंतीची दुरुस्ती झाली होती. त्या दुरुस्तीत जोडपट्टी सलग असायला हवी होती. ती दोन तुकड्यांत बसवली गेली, आणि जिथे रिव्हेटच्या दोन रांगांनी भार घ्यायचा तिथे तो एकाच रांगेवर आला. भिंत सात वर्षे टिकली आणि मग फुटली. ५२० माणसे गेली. एका विमानाच्या अपघातात याहून जास्त माणसे कधीही गेलेली नाहीत. धातू चांगला होता, रचना चांगली होती. रिव्हेटची एक रांग कमी होती.

टायटॅनियम, निकेलचे मिश्रधातू आणि चाकांच्या पायांचे पोलाद यांवर एकेक छोटे प्रकरण आहे. ते विषय मोठे आहेत, पण या पुस्तकाचा रोख सांगाड्यावर असल्याने तिथे रेंगाळलो नाही.

कॉम्पोझिटकडे मात्र पूर्ण लक्ष द्यायला हवे. मघाचा भागाकार इथे पहिल्यांदा मोडतो. पाच ते सात मायक्रॉन जाडीचे कार्बन तंतू एका दिशेने लावून रेझिनमध्ये बसवले, तर त्या दिशेला वजनाच्या मानाने ताठपणा धातूंच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त मिळतो. आडव्या दिशेला जवळजवळ काहीच मिळत नाही. म्हणून थर वेगवेगळ्या कोनांत रचतात, आणि रचणाराच पदार्थ ठरवतो. धातूचा पत्रा गुणांसकट विकत मिळतो. कॉम्पोझिटचा पदार्थ आणि भाग एकाच वेळी, एकाच साच्यात जन्मतात. याचे सुख आणि याची जोखीम दोन्ही इंग्लंडने अनुभवली. वॅट, फिलिप्स आणि जॉन्सन यांनी साठच्या दशकात त्याच फार्नबरोला बळकट कार्बन तंतूची कृती बसवली. रोल्स-रॉईसने उत्साहाने आपल्या आरबी२११ इंजिनाची पंख्याची पाती त्याची केली. पण पक्षी आदळण्याच्या चाचणीत पाती फुटली आणि टायटॅनियमकडे परतावे लागले. त्या इंजिनाचा खर्च कंपनीला पेलवला नाही आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये तिचे दिवाळे निघाले. अशी पाती प्रवासी सेवेत आली ती १९९५ मध्ये, जनरल इलेक्ट्रिकच्या जीई९० इंजिनात, पुढच्या धारेला टायटॅनियमची पट्टी लावून.

आज बोईंग ७८७ च्या वजनाचा निम्मा भाग आणि एअरबस ए३५० चा ५३ टक्के भाग कॉम्पोझिट आहे. गंजाची आणि थकव्याची धास्ती कमी असल्याने ७८७ च्या आत समुद्रसपाटीपासून ६,००० फुटांवरच्या हवेइतका दाब ठेवता येतो; जुन्या विमानांत तो ८,००० फुटांचा असे. प्रवाशाला उतरल्यावर कमी थकवा वाटतो तो यामुळे. पण कार्बन आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम खाल्ला जातो, म्हणून जोडांवर महागडे टायटॅनियम घालावे लागते. वीज पडली तर तिला वाहून न्यायला कातडीत तांब्याची जाळी लागते. आणि सर्वांत मोठी अडचण ही की कॉम्पोझिटवर घाव बसतो तेव्हा तो बाहेर दिसतोच असे नाही. हातातून पाना पडला, सामानाची गाडी घासली, वर जेमतेम ओरखडा दिसतो. आत थर सुटलेले असू शकतात. धातू पोचा पडून तक्रार करतो, कॉम्पोझिट ती करत नाही. म्हणून नजरेला न दिसणारा घाव अंगावर आहे असे धरूनच पूर्ण दीडपट भाराची अट पाळावी लागते.

कॉम्पोझिट ठिसूळ आणि बेभरवशाचे, असा समज आहे. तो मला मान्य नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कजवळ एअरबस ए३०० चे उभे शेपूट तुटले तेव्हा बोट कॉम्पोझिटकडे गेले. तपासात निघाले की वैमानिकाने सुकाणू आलटून पालटून जोरात दाबल्याने शेपटावर कमाल भाराच्या जवळजवळ दुप्पट भार आला होता. वचन दीडपटीचे होते. ते पाळले गेले होते.

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. तेजस विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के कॉम्पोझिट आहे आणि त्यामागे बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेची मोठी मेहनत आहे. बोईंग ७८७ च्या जमिनीच्या कॉम्पोझिट तुळया नागपूरच्या मिहानमध्ये तयार होतात. नाशिकजवळ ओझरला सुखोई-३० ची बांधणी झाली. आणि स्वतंत्र भारतात रचलेले व बांधलेले पहिले विमान, एचटी-२, ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले, त्याच्या रचनाकारांचे प्रमुख विष्णू माधव घाटगे होते. त्यांनी ग्योटिंगेनला प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली होती. इतके सगळे असताना मराठीत मात्र विमानविद्येवर वैमानिकांच्या आठवणी आणि शोधांच्या गोष्टी सोडल्या तर फारसे हाती लागत नाही. हँगरमध्ये आणि साच्याजवळ हाताने काम करणारी आपली मुले डिप्लोमा आणि आयटीआयमधून येतात. कृतिपत्रिकेतला इंग्रजी आदेश ती बिनचूक पाळतात, पण तो आदेश तसा का लिहिला आहे, हे त्यांना कोणी त्यांच्या भाषेत सांगितलेले नसते. जिथे तपासणारा माणूस सांगाड्याचा अवयव आहे, तिथे त्याला कारण माहीत नसणे हा मी रचनेतला दोष मानतो.

म्हणून हे पुस्तक. बारावीचे गणित येत असेल तर सगळी प्रकरणे वाचता येतील. संज्ञा कारखान्यात चालतात त्याच ठेवल्या आहेत : रिव्हेट, स्पार, रिब, स्ट्रिंगर. प्रत्येक प्रकरणात एक प्रत्यक्ष हिशेब सोडवून दाखवला आहे. वाचकाला माझी विनंती एवढीच की भेग वाढण्याच्या प्रकरणातला हिशेब संगणकाला न देता एकदा कागदावर हाताने करावा. भेगेची लांबी एका मिलिमीटरपासून सुरू करून पायरीपायरीने वाढवत न्यावी, आणि शेवटच्या काही मिलिमीटरना किती थोडी उड्डाणे पुरतात ते स्वतः पाहावे. त्याला एक संध्याकाळ लागते.